चांगल्या वागणुकीची दोन वर्षं

गोंदियाच्या त्या ऑफिसातल्या बाकाची फळी न् फळी चंद्रावतीबाईच्या ओळखीची झाली होती. दर महिन्याचा दुसरा सोमवार. सकाळची एसटी, तिरोड्याहून पुढं रेल्वे, स्टेशनापासून पायी, आणि मग हा बाक. मॅडम जागेवर असल्या तर दहा मिनिटांत सुटका. कोर्टात गेल्या असल्या तर दुपारचे तीन. रजिस्टरात सही करायची, "काय चंद्रावतीबाई, बरं आहे ना?" याला "बरं आहे" म्हणायचं आणि आल्या वाटेनं परत. एवढ्या एका 'बरं आहे'साठी कामाचा अख्खा दिवस मातीत जायचा. बावीस महिने असे गेले होते. दोन उरले होते.

बाई सत्तेचाळीसची. अंगानं वाळकी, पण मनगट पाहिलं तर पुरुषाचं वाटावं. नवरा हीरालाल सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेला. लेक दुर्गेश्वरी वाघ नदीपलीकडं, बालाघाटकडं दिलेली. मागं उरली अडीच एकर धानाची जमीन, एक गाय आणि ही. घरात पोवारी, बाहेर झाडी, ऑफिसात जमेल तशी हिंदी, असं तिचं बोलणं. पण एकूण बोलणं कमीच. जे बोलायची ते मात्र दगड टाकल्यासारखं.

तिची बारकी वस्ती, बेहडीटोला, चोरखमारा तलावाच्या कालव्याच्या पार शेपटीला. वरच्या गावांचं पोट भरून उरेल ते पाणी टोल्याला. म्हणून तिथं पाण्याची पाळी म्हणजे लग्नाच्या मुहूर्तापेक्षा मोठी गोष्ट. तीन वर्षांमागच्या भादव्यात धान पोटरीवर आलं होतं आणि अठरा दिवस आभाळातून थेंब नव्हता. चंद्रावतीची पाळी लागली. पाणी तिच्या बांधीत, धानाच्या खाचरात, शिरलं न शिरलं, तोच दोघांमधल्या बांधाच्या, धुऱ्याच्या पलीकडच्या योगराजनं पाटात ढेकळं आणि पळसाच्या फांद्या कोंबल्या आणि पाणी आपल्याकडं वळवलं. तिनं एकदा सांगितलं. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो हसून म्हणाला, "हीरालाल असता तं बोललो असतो भाभी. तुमच्यासंगं का बोलू?"

तिच्या हातात फावडं होतं. पातं मारलं नाही, दांडा मारला. योगराजच्या मनगटाचं हाड मोडलं.

कोर्टात वकिलानं पढवलं होतं की मी मारलंच नाही म्हण. साहेबानं विचारल्यावर ही म्हणाली, "मारला ना. पानी माझं होतं." वकिलानं कपाळाला हात लावला. पण साहेब बराच वेळ कागद चाळत राहिले. आधीचा गुन्हा नाही, एकटी बाई, शेत तिच्यावरच. शेवटी त्यांनी तिला तुरुंगात न धाडता बंधपत्रावर सोडलं. दोन वर्षं चांगलं वागायचं. कोणाशी भांडणतंटा नाही. दर महिन्याला प्रोबेशनच्या मॅडमसमोर हजेरी. परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल नाही. यातलं काही मोडलं तर पुन्हा कोर्टासमोर, आणि मग राहिलेली शिक्षा. ती सहा महिने की वर्ष, ते साहेबाच्या मनावर.

गावाला यातलं एकच कळलं: चंद्रावती आता भांडू शकत नाही.

मग काय, ज्याला त्याला मोकळं रान. कोणाची शेळी तिच्या बांधीत शिरली तर तिनं गुमान हाकलायची. राशनच्या दुकानात कोणी पुढं घुसलं आणि हिनं नुसतं पाहिलं, तरी मागून आवाज यायचा, "पाहून राहिली का वो कागदवाली? पाहा, पण बोलू नोको." योगराजनं तर दर मोसमाला धुरा कोरायचा धंदाच मांडला. तिच्या बाजूचा धुरा फावड्यानं वीतभर तासायचा, माती आपल्या बांधीत ओढायची. पहिल्या वर्षी तीन बोटं. दुसऱ्या वर्षी वीत. धुऱ्यावर तिनं लावलेल्या तुरीची मुळं उघडी पडली, म्हाताऱ्याच्या पायाच्या शिरा दिसतात तशी. ती रोज पाहायची आणि पुढं जायची.

दुर्गेश्वरीला लेकरू झालं तेव्हा तिनं परवानगीचा अर्ज केला. नदीपलीकडचं गाव. इकडच्या काठावर कुत्रं भुंकलं तर तिकडं ऐकू जावं इतकं जवळ. पण नदीपल्याड जिल्हा वेगळा, राज्यही वेगळं. बाळाच्या सहाव्या दिवसाची छठी झाली, पाहुणे जेवून गेले, लेकराचं नाव ठेवून झालं, आणि मग कागद आला. तिनं तो चुलीजवळ भिंतीत खोचून ठेवला.

"जेलात गेली असती तं याहून लवकर सुटली असती," एकदा ती शेजारच्या गीताबाईला म्हणाली. दोघी कुंपणाशी बसून लाखोळीची भाजी निवडत होत्या.

"मंग काऊन नाई गेलीस?" गीताबाई कुणब्याची, तोंडाची फटकळ. "आयतं खायाले भेटलं असतं."

"अन् धान कोनाच्या बापानं कापलं असतं?"

"हे बी खरंच म्हना," गीताबाई म्हणाली आणि भाजीतली अळी बोटानं उडवून दिली.

बंधपत्राला जामीनदार लागतो. तिचा जामीनदार झाला चुन्नीलाल, हीरालालचा थोरला चुलत भाऊ, म्हणजे तिचा जेठ. साठी ओलांडलेला, धोतर-टोपीतला, पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष. घराण्याची इज्जत म्हणून त्यानं आपला सातबारा पुढं केला होता, आणि तेव्हापासून तो सातबारा तिच्या नाही, आपल्याच गळ्यात बांधलाय, अशा चेहऱ्यानं फिरायचा.

आता जेठाचं असं, की त्याच्यासमोर भावजयीनं बोलायचं नाही. तोंडावर पदर, पाठ अर्धी फिरवलेली, आणि तोंड बंद. नव्या पोरी आता हे पाळत नाहीत, जेठाला मोबाइल दाखवत चहा देतात. पण चंद्रावती लग्न होऊन आली त्याला सत्तावीस वर्षं झाली होती, आणि सत्तावीस वर्षांत ती चुन्नीलालशी एक शब्द बोललेली नव्हती. काम पडलं तर मधे कोणी लागायचं. कोणी नसलं तर गाय.

चुन्नीलाल अंगणाबाहेर उभा राहून हवेला म्हणायचा, "कोनी घरी आहे का? उद्या पानी सुटते म्हना."

चंद्रावती गोठ्यात गायीला म्हणायची, "सांग वो बाई, पाट साफ करून ठेवला हाये."

"बरं झालं म्हना."

"कुदळ कवा आनून देतेत म्हना, दोन हप्ते झाले."

"देतो म्हना." आणि चुन्नीलाल निघून जायचा. कुदळ काही यायची नाही. गाय रवंथ करत राहायची.

यामुळे सुरुवातीलाच एक घोटाळा झाला होता. प्रोबेशनच्या दामिनी मॅडम पहिल्यांदा टोल्यावर आल्या, स्कूटीवरून, तोंडाला ओढणी गुंडाळून. जिल्हाभराचं काम एकटीकडं, पाठीवर फायलींची पिशवी. नागपूरच्या बाई, इकडच्या चालीरीती ठाऊक नव्हत्या. त्यांनी जामीनदाराला शेजारीच बसवून चंद्रावतीला विचारायला सुरुवात केली. घरी कोण, शेत किती, भांडणाचा पश्चात्ताप होतो का. चंद्रावती भिंतीकडं तोंड करून उभी. एक नाही की दोन नाही. मॅडमनी तीनदा विचारलं, मग लिहून टाकलं: महिला सहकार्य करत नाही. तो शेरा पुसायला पुढचे दोन महिने गेले. गीताबाईनंच मॅडमला पांदीत गाठून सांगितलं, "अवो मॅडम, ते जेठासमोर कशी बोलनार? तुमी त्याले घरी धाडा, मंग पाहा कशी टरटर बोलते ते." त्यानंतर मॅडम तिला एकटीलाच भेटत.

बावीस महिने असे ढकलले आणि मग तो रविवार आला.

धान गुडघ्याच्या वर आलं होतं. चंद्रावती आपल्या बांधीच्या या टोकाला गायीसाठी गवत कापत होती. तिकडून चुन्नीलाल आपल्या शेताकडं चालला होता. त्याची नजर धुऱ्यावर गेली. हा धुरा त्याच्या आजाच्या वाटणीचा, घरच्या सगळ्यांचा. तो थांबला, काठीनं तासलेली माती मोजली, आणि पलीकडं उभ्या योगराजवर जो तुटून पडला, की बगळे उडाले. योगराजचा बाप काढला, आजा काढला, काठी उगारली. योगराज हसत हसत मागं सरकत गेला, कारण अध्यक्षाशी भांडून पाण्याची पाळी कोण घालवील. चंद्रावती वीस हात दूर, पदर ओढून, खाली मान घालून गवत कापत राहिली. जेठ समोर होता.

मंगळवारी योगराजनं गोंदियाला जाऊन मॅडमकडं अर्ज दिला: चंद्रावतीनं शेतात शिव्या दिल्या आणि विळा घेऊन अंगावर आली.

सरळ हिशेब होता. अध्यक्षावर अर्ज केला तर पाणी जातं. कागदवालीवर केला तर धुरा मिळतो.

शुक्रवारी दामिनी मॅडम आल्या. चंद्रावतीच्या अंगणात बाजेवर बसल्या. पाणी प्यायल्या. ओढणी सोडून मानेवरचा घाम पुसला. त्यांची सकाळपासून सडक अर्जुनीकडची दोन घरं झाली होती आणि डोळे लाल होते. समोर योगराज, मनगट उगाच धरून. उंबऱ्याशी चुन्नीलाल. कुंपणापलीकडं गीताबाई, कुंपण दुरुस्त करायच्या निमित्तानं.

"मॅडम, जेठजीले घरी जाऊ द्या, मंग सांगते मी," चंद्रावती दाराच्या आडून हळूच म्हणाली.

"आज नाही जमणार चंद्रावतीबाई," मॅडम म्हणाल्या. "तक्रार आहे. जामीनदारासमोर जबाब घ्यावा लागतो. तुम्ही काही बोलला नाहीत तर मला आहे तसा अहवाल कोर्टात द्यावा लागेल. मग तारीख पडेल."

 चंद्रावतीचा पदर नाकापर्यंत आला.

मॅडम चुन्नीलालकडं वळल्या. "तुम्ही होतात का रविवारी शेतात?"

चुन्नीलालनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "गेलो असन. रोजच जातो."

"भांडण झालं?"

"आता शेत म्हटलं का..." तो म्हणाला आणि पुढचं वाक्य गिळलं. संस्थेची निवडणूक पुढच्या महिन्यात होती. त्यानं योगराजकडं पाहिलं नाही आणि चंद्रावतीकडं तर पाहायची रीतच नव्हती. "मले काई बरं आठवत नाई."

चंद्रावतीनं वाट पाहिली. हा माणूस आता सांगेल, आता सांगेल. अंगणात कोंबडी फिरत होती. चुन्नीलाल कोंबडीकडं पाहत राहिला. तिला जेलाची भीती अशी वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की धान आणखी दीड-दोन महिन्यांनी पिकेल आणि त्या वेळी आपण इथं नसू. उभं धान झडून जाईल. बावीस सोमवार पाण्यात जातील.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

चंद्रावती दाराआडून बाहेर आली. पदर कपाळापर्यंत मागं सारला. जेठाकडं तोंड केलं आणि तिथंच अडली, कारण त्याला हाक काय मारायची हेच तिला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षांत कधी वेळच आली नव्हती.

"तुमी," ती शेवटी म्हणाली. "तुमी बोलले त्याले. मी गवत कापत होती. काठी तुमी उगारली. अन् आता कोंबडीकडे काऊन पाहून राहिले?"

कुंपणापलीकडं गीताबाईच्या हातातली काडी पडली.

 चुन्नीलालला एखाद्या खांबानं बोलावं तसं झालं होतं. त्यात योगराजला हसू आवरलं नाही. "पाहा मॅडम, पाहा! जेठाले तोंड वर करून बोलते. आता तरी पटलं का कशी बाई हाये? लाज ना शरम. अध्यक्षसाहेब, बरं सांभाळलं तुमी घरानं!"

घराणं म्हटलं आणि चुन्नीलालचा बांध फुटला. तो काठी घेऊन उठला. "तू मले घरानं शिकवतेस? घुशीची अवलाद! तुझ्या बापानं धुरा कोरला, तुझ्या आजानं कोरला, अन् तू बी उंदरावानी माझ्या आजाची माती खातेस! हात मोडला त्या दिवशी मान मोडाले पायजे होती तुझी!"

"बसा, बसा," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचं बोट अर्जावर थांबलं होतं. त्यांनी अर्ज उचलला आणि सावकाश वाचला. "'घुशीची अवलाद, उंदरासारखा माझ्या आजाची माती खातोस, असे शब्द वापरून मला शिवीगाळ केली.' योगराजजी, चंद्रावतीबाईचा आजा या शेताचा मालक होता?"

योगराजनं मनगट सोडलं.

"नाई, तिचा आजा तं बालाघाटकडचा," गीताबाई कुंपणावरून म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं.

मॅडमनी अर्ज बाजेवर ठेवला आणि योगराजकडं पाहिलं. त्या रागावल्यासारख्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या होत्या. "खोटा अर्ज दिला म्हणून तुमच्यावरही कागद करता येतो मला. करू? का मागं घेता?"

"घेतो ना मॅडम. चूकभूल झाली. आवाज तिकडूनच आल्यावानी वाटला," योगराज म्हणाला.

मॅडमनी लिहिलं: अटींचा भंग झालेला नाही. चंद्रावतीची सही घेतली. चुन्नीलालनं जामीनदार म्हणून खाली सही केली आणि तो निघून गेला. जाताना मॅडम स्कूटीला किक मारत चंद्रावतीला म्हणाल्या, "हे आधी बोलला असतात तर माझी एक चक्कर वाचली असती."

"तुमची वाचली असती," चंद्रावती म्हणाली.

त्या दिवसापासून टोल्यात तिचं नाव झालं. कोणी म्हणालं बरं केलं, कोणी म्हणालं पोवाराच्या बाईनं असं करावं का. म्हाताऱ्या बायांनी चार दिवस तिच्या दारावरून जाताना मान फिरवली. पण खरी सजा वेगळीच होती, आणि ती कोर्टानं दिलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चुन्नीलाल अंगणाबाहेर उभा राहिला. हवेला काही म्हणाला नाही. सरळ म्हणाला, "जमानत काढून घेतो मी. गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तुनं."

तिनं गायीकडं पाहिलं. मग सवय मोडून सरळच म्हणाली, "काढा. सोमवारी जाच गोंदियाले. एसटी साडेसातची हाये. तीन वाजेपर्यंत बाकावर बसा, मंग समजते."

तो गोंदियाला काही गेला नाही. गुडघे दुखत होते, निवडणूक होती, आणि एसटीत बसायला जागा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि निवडणुकीबद्दल बोलला. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांबद्दल. मग सुनेबद्दल, जी त्याला फिका चहा देते. सत्तावीस वर्षं मुकं राहिलेलं हे माणूस इतकं बोलकं असेल, असं चंद्रावतीला कधी वाटलं नव्हतं. ती भांडी घासत हुं हुं करत राहायची. सातबारा अडकलेला, म्हणून कागदाचा धाक तिच्यापेक्षा त्यालाच जास्त होता आणि तो रोज बघून जातो, हे तिला कळत होतं, पण कळून करायचं काय.

"याच्यापरीस पदर बरा होता वो," ती गीताबाईला म्हणाली.

"आता घे ना पुन्हा."

"आता घेऊन का करू? तो थोडीच थांबते."

मुदत संपली त्या दिवशी तिला ठाऊकही नव्हतं. ती बांधीत वाकलेली, मुठीत धान, हातात विळा. कमरेचा फोन वाजला. दामिनी मॅडम होत्या. "चंद्रावतीबाई, आजपासून तुमचं बंधपत्र संपलं. चांगला अहवाल गेला आहे. आता यायची गरज नाही."

"बरं आहे," ती सवयीनं म्हणाली.

"बस, एवढंच. काही म्हणायचंय?"

"सोमवारी नाई यायचं म्हनता?"

"नाही."

फोन ठेवला. धुऱ्याच्या पलीकडं योगराज आपलं धान कापत होता. फोनवरचं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं. तो सरळ झाला. धुरा आता जेमतेम एका पायाचा उरला होता. दोन वर्षांत मनात साठवलेलं सगळं चंद्रावतीच्या तोंडाशी आलं, त्याच्या बापापासून सुरुवात करून. तिनं विळा खाली ठेवला. योगराज दोन पावलं मागं सरला.

ती उभी राहिली, पाठीवर हात दाबला, आणि कापायच्या राहिलेल्या सगळ्या बांध्यांकडं एकदा पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं. तिसऱ्या बांधीतलं धान लवून जमिनीला टेकलं होतं.

"का झालं, भाभी?" योगराजनं दबकत विचारलं.

"सांगते," ती म्हणाली. "धान उचललं का सांगते. आज कमर दुखते माझी."

आणि ती पुन्हा वाकली.  त्या दुपारी योगराजनं धुऱ्याकडची एक ओळ कापलीच नाही, उभी सोडली.

धुऱ्याची माती मात्र त्याच्याच बांधीत राहिली.